एकशेऐंशी

शाहूपुरीत, जिन्याखाली माझं ऑफिस.
एक टेबल, दोन खुर्च्या, लोकांच्या रिटर्नांच्या फायली.
एगॉन येणार असला की तिसरी खुर्ची वरून आणतो,
उंच पाठीची. त्याचे पाय लांब,
आणि प्रश्न त्याहून लांब.

चौऱ्याऐंशी साली आला होता उद्यमनगरात,
साच्याची वाळू दाबायचं मशीन बसवायला.
सहा आठवड्यांचं काम अकरा महिने चाललं.
ते मशीन भंगारात जाऊन वीस वर्षं झाली,
बसवणारा मात्र परत आला, पेन्शन घेऊन,
राजारामपुरीत पोवारवहिनींच्या वरच्या खोलीत,
गुडघ्याला पट्टा, भिंतीला बायकोचा फोटो.

म्हातारं व्हायला येणाऱ्यांसाठी आपल्याकडं व्हिसा नाही.
बघायला येणाऱ्यांसाठी आहे.
म्हणून एगॉन सहा वर्षं कोल्हापूर बघतोय.
पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळतात ते बघतो,
ग्लास दोन्ही हातांत, मिशीला फेस.
संध्याकाळी रंकाळ्यातलं केंदाळ ओढणारी माणसं बघतो,
कुणी दोर टाकला तर धरतो.
एकशेऐंशी दिवस झाले की बघणं बंद.
वहिनी कॉटवर प्लास्टिक घालतात.
परत आला की चोवीस तासांत वर्दी देतात:
परकी इसम, पुरुष, एक.

व्हिसाचं वर्ष जानेवारीत उगवतं, कराचं एप्रिलात.
मी कॅलेंडरवर दोन पेनांनी मोजतो.
निळ्या पेनाचे एकशेऐंशी झाले की व्हिसा म्हणतो,
पाहुणे, आता निघा.
लाल पेनाचे एकशेब्याऐंशी झाले की आयकर म्हणतो,
या, तुम्ही इथलेच रहिवासी.
मधल्या दोन दिवसांवर एगॉन बोट ठेवतो.
"हे विकत मिळतात काय?" मराठीत विचारतो,
फौंड्रीत शिकलेल्या मराठीत,
म्हणजे मध्ये एक शिवी असतेच.

दरवर्षी तिकडून कागद येतो.
पेन्शन पाहिजे तर माणूस हयात असल्याचं
कुणा अधिकाऱ्यानं लिहून द्यावं.
बँकेतले साहेब रजेवर. नोटरी म्हणाला,
भाषा कळत नाही त्यावर सही कशी करू?
शेवटी चौकीत गेलो. हवालदार शिर्क्यांनी
चष्मा कपाळावर सारून त्याला खालून वर बघितलं.
"जित्ता हाय की ह्यो! म्होरं हुबा हाय.
त्यात लिव्हायचं काय?"
एगॉन इतका हसला, इतका,
की बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं.
शिक्का जरा तिरका बसला.
"फुडच्या वर्षी बी या," शिर्के म्हणाले.

माझ्या कपाटात आणखी एक फाईल आहे. अनिवासी.
माझा पोरगा, श्रीवर्धन. हॅम्बुर्गला,
एगॉनच्या गावापासून रेल्वेनं दोन तास.
त्याचं रिटर्न मीच भरतो.
भारतात किती दिवस राहिलात, असा एक रकाना असतो.
एकशेब्याऐंशीच्या आत राहावं लागतं त्यालाही.
राहतो.
गेल्या साली चौदा. औंदा नऊ.
लाल पेन उघडावं लागत नाही.

परवा एगॉनचा एकशेऐंशीवा दिवस.
किल्ली ठेवायला आला, म्हणाला, पोराला काय देऊ?
कांदा-लसूण चटणी दिली, तीन पिशव्यांत गुंडाळून,
तरी वास सुटलाच.
मग ड्रॉवरमधून त्याच्याच कागदाची झेरॉक्स काढली,
नावाच्या जागी पांढरी शाई लावलेली,
वर माझ्या अक्षरात श्रीवर्धन.
"तूच अधिकारी समज. बघ, आणि भरून आण."
वाचून झाल्यावर एगॉननं घडी घातली,
पासपोर्टात ठेवली. या वेळी शिवी नाही दिली.

उंच खुर्ची अजून खालीच आहे.
जिन्यावरून येणारे तिला अडखळतात,
विचारतात, ही इथं कशाला?
मी म्हणतो, असू दे, लागते.